दिवाणजींची तहान

वामनराव दिवाणजींना तहान लागली की आमच्या अमरावतीत कुणाचं ना कुणाचं नशीब उघडायचं. भर दुपारी, डोक्यावर काळी टोपी, बगलेत छत्री, असे ते एखाद्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, घोटभर पाणी द्या बरं. जीव कासावीस होऊन राह्यला." मग आत जाऊन खाटेवर टेकायचे, पाणी प्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि निघून जायचे. नवख्याला वाटायचं, काय साधा माणूस आहे! साधा कसला? घराचा कोपरा न् कोपरा पाहून गेलेला असायचा.

ते ज्या कापडाच्या दुकानात दिवाणजी होते, तिथे शिंप्यांना आणि फेरीवाल्यांना उधारीवर कापड मिळे. कुणाला किती रुपयांपर्यंत द्यायचं, त्याला दुकानात 'हद्द' म्हणत. नवं गिऱ्हाईक आलं की पन्नास. पुढे ती वाढवायची की नाही, ते दिवाणजी ठरवत. मालकाचा नियम एकच होता, की घर आतून पाहिल्याशिवाय हद्द वाढवायची नाही. आणि परक्या घरात शिरायला पाण्याइतकं सोपं निमित्त कुठलं?

ते येणार अशी कुणकुण लागली की गल्लीत पितळेची भांडी या घरातून त्या घरात पळायची. दिवाणजींना हे सगळं ठाऊक होतं. दुकानात पान लावता लावता ते हसून सांगायचे, "भांडं उसनं आणता येते हो. पण पाणी देणाऱ्या बाईचं तोंड कोठून उसनं आणसान? घरात काळजी असली का पेला देतानाच समजते." त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "ज्याले वाढवून पाहिजे, त्याले देऊ नये. ज्याले नको, त्याच्या घरी जाऊन द्यावं." लोक हसायचे. मीही हसायची. आपल्यावर येईपर्यंत सगळ्यालाच हसू येतं.

आमचं घर रेल्वे लाइनीकडच्या वस्तीत. आमचे हे बडनेऱ्याच्या यार्डात कामाला होते. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, घरातले देव बाहेर काढले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मी शिलाईची मशीन घेतली. यांच्या ओळखीनं दुकानात नाव लागलं. हद्द पन्नास. यांचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी मी दुकानात हजर. एक महिना चुकला नाही. धाकट्याच्या वेळी बाळंतीण होते तर नणंदेच्या हाती पैसे पाठवले.

दिवाणजी माझ्याशी फार चांगलं वागत, हे खोटं कशाला सांगू? कापड मोजताना माझ्या वाट्याला बोटभर जास्तच यायचं. चांगले तुकडे निघाले की माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. दुकानात चार माणसं असली की मोठ्यानं म्हणायचे, "पाहा, याले म्हणतात यवहार! दुकानात असं गिऱ्हाईक दुसरं नाही." स्तुतीनं पोट भरत असतं तर मी कधीच लठ्ठ झाले असते.

हद्दीचं काढलं की मात्र म्हणायचे, "घर पाह्यलं नाही ना अजून."

"मग या ना पाह्याले."

"येतो, येतो. येणारच आहो." अशी किती वर्षं गेली! त्या काळात माझ्यामागून आलेल्या शिंप्यांच्या घरी ते पाणी प्याले, चहा प्याले, एकाकडे तर पुरणाची पोळी खाऊन आले. आमच्या वस्तीकडे त्यांना तहानच लागेना.

मग एका शाळेचं काम माझ्याकडे आलं. शाळेतल्या बाईंनी माझी शिलाई पाहिली होती. मुलांच्या खाकी चड्ड्या आणि पांढरे सदरे, सगळे मीच शिवायचे, कापडही मीच आणायचं आणि पैसे माल पोचल्यावर. तेवढं काम अंगावर घेतलं असतं तर दुसरी मशीन आली असती आणि नणंदही हाताशी बसली असती. कापडाला दीडशे लागत होते. मी सरळ दुकानात गेले आणि म्हटलं, "दिवाणजी, उद्या या. नाही आले तर मी इथंच बसून राहीन."

आले. मी सकाळीच अंगण सारवलं होतं, खाटेवर धुतलेली चादर घातली होती. ते ओट्यापाशी थांबले. मी म्हटलं, आत या. "बसतो इथंच, हवा बरी आहे." वैशाखाच्या दुपारी हवा बरी! मी पाणी आणलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आज एकादशी आहे बाई. उपास."

एकादशीला पाणी चालतं. आम्ही देव सोडले होते, अक्कल नव्हती सोडली. पेला तसाच हातात धरून मी उभी राहिले. घाम त्यांच्या कानामागून वाहत होता. शेवटी म्हणाले, "पाहातो, मालकाले सांगून पाहातो," आणि निघून गेले.

हद्द वाढली नाही. काहून, म्हणून विचारलं तर तेच, घर आतून पाह्यलं नाही.

माझा भाऊ अकोल्याला होता. तो म्हणाला, तिथल्या कापडाच्या पेढीत विचारू. गेलो. त्या पेढीवरच्या माणसानं गोड बोलून पहिलाच प्रश्न केला, "अमरावतीत तुमची हद्द किती आहे?" पन्नास म्हटल्यावर म्हणाला, "इतक्या वर्षांत वाढली नाही म्हणजे काहीतरी असंलच ना बाई. आमीही पन्नासच देऊ." एकानं दार लावलं की दुसऱ्याला कडी घालायलाही उठावं लागत नाही.

काम दौलत शिंप्याला गेलं. दिवाणजी त्याच्या घरी पाणी पिऊन आले, हद्द एका दिवसात वाढली. दौलतला एवढं काम उरकेना, म्हणून त्यानं सदरे शिवायला कुणाला दिले असतील? मला! नगावर मजुरी. माझेच सदरे, माझीच शिलाई, आणि पैसे दौलतचे. हे म्हणाले, फेकून दे. फेकून काय खायचं? शिवले. एकेक काज करताना मनात शिव्या घातल्या, पण टाका वाकडा येऊ दिला नाही.

शाळेचे पैसे हाती आले आणि दौलत बायको-पोरांसकट गाव सोडून पळाला. माझी मजुरी बुडाली, दुकानाचं कापड बुडालं. मालकानं ते दिवाणजींच्या पगारातून कापायला सुरुवात केली.

त्यानंतर एका सकाळी दिवाणजी आमच्या ओट्यापाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "मालकानं तुमची हद्द वाढवली बाई. दीडशे. घर पाह्याची गरज नाही म्हणे."

मी म्हटलं, "दिवाणजी, एक खरं सांगा. मी पैसे बुडवीन, असं वाटलं होतं तुमाले?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "नाही. तुमी बुडवणार नाही, हे मले पयल्या वर्षीच समजलं होतं. दौलत्याची शंकाच होती."

"मग त्याले काहून देलं?"

"त्यानं बुडवलं तर मालक बोलंल, एवढंच. तुमच्या घरचं पाणी पेलो असतो, तर तुमी पैन् पै फेडली असती तरी माह्या घरचे अन् गल्लीतले मले जन्मभर बोलले असते."

मी म्हटलं, "मालकाले सांगा, हद्द नको. आता रोखीनं घेईन, अन् दुसऱ्या दुकानातून घेईन." ते मान खाली घालून गेले. खोटं तरी बोलायचं होतं! माझी ऐपत नाही, वस्ती लांब आहे, काहीही सांगितलं असतं तर मी त्यांना कधीचीच विसरले असते.

दोन वर्षांनी दिवाणजी वारले. बाजारात लोक हळहळत होते, असा माणसं पारखणारा पुन्हा होणार नाही म्हणत होते. खरंच आहे ते. मला तर त्यांनी अगदी बरोबर पारखलं होतं. तेच मला आजवर माफ करता आलेलं नाही.