वहिनीच्या वहीत मी केलेल्या खुणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

नाशिकच्या कडेला माझ्या माहेरची फुलशेती. दुपारी शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधायच्या. ओलं गोणपाट, गार जमीन, आणि त्या वासात डोळे आपोआप जड व्हायचे. वहिनी पेठ तालुक्यातली, दहावी झालेली. जुड्या बांधता बांधता इंग्रजी शब्द पुटपुटायची. वन रोझ, टू रोझेस. वन लीफ... मग थांबायची, हातातलं पान बघत बसायची. अजून कधी डोळा लागता लागता मला तो आवाज येतो.

गावात नवी इंग्रजी बालवाडी निघाली होती. तिथे बाई हवी होती, आधी साधी लेखी परीक्षा. त्यात एकवचन-अनेकवचन हमखास येणार, असं सगळे म्हणत होते. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते — घरात काय तोरा माझा! "ताई, एवढं तपासून द्या ना," म्हणत वहिनीने वही पुढे केली.

लीफ्स. चाइल्ड्स. फूट्स. सगळ्याला एस लावून मोकळी झाली होती. आणि मी — मी लाल पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा करत गेले. चुकून? छे. सगळं दिसत होतं मला. ती नोकरीला गेली तर जुड्या कोण बांधणार, मीच ना? पण खरं सांगू? तेवढंच नव्हतं. घरात इंग्रजी येणारी मला एकटीलाच राहायचं होतं. जळत होते मी.

माझ्या खुणांवर बोट ठेवून तिने ती वही आठवडाभर पाठ केली.

बाई म्हणून दुसरीच कुणीतरी लागली. निकाल ऐकून वहिनी घरी आली, तिने चहा टाकला. म्हणाली, "तुम्ही एवढं शिकवलं ताई, माझंच डोकं चालत नाय." मी चहा प्यायले.

पुन्हा तिने कुठलीच परीक्षा दिली नाही. आता मी शाळेत इंग्रजी शिकवते. माहेरी गेले की भाची अभ्यास घेऊन बसलेली असते. तिने काही विचारलं की वहिनी हसून म्हणते, "आत्याला विचार. मला इंग्रजी कधी जमलंच नाय."

मी शेजारीच असते. तिला जमलं असतं. त्या आठवड्यातच जमलं असतं — हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि मी भाचीला उत्तर सांगते.