खणवाल्याला दिसलेली पांढरी रेघ

मंडळी, दुकान बंद करायच्या आधी हे सांगून टाकतो, पोटात राहत नाहीये.

माझी मुलगी नंदा कारवारला समुद्री जिवांवर संशोधन करते. तिला एक बिनशंखाची समुद्री गोगलगाय सापडली आहे, आजवर कुणीच न नोंदवलेली. सध्या तिचं वर्णन लिहितेय. खरं सांगू? चार वर्षं मी लोकांना 'मुलगी नोकरीला आहे' एवढंच सांगत आलो. गोगलगायींचं काय सांगायचं!

सध्या घरी आलेली नंदा आज सकाळी जुन्या हुबळीतल्या आमच्या खणांच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर फोटो होता. जांभळं अंग, केशरी काठ. आमच्या धंद्यात वीण मागूनच कळते, त्यामुळे सवयीनं म्हणालो, "उलटी बाजू दाखव."

"अप्पा, हे कापड नाहीये!" ती हसली. तरी पोटाकडचा फोटो उघडला.

"काठाच्या आत बारीक पांढरी रेघ आहे बघ," मी म्हणालो.

"फ्लॅशची चमक असेल."

मग तिनं फोटो मोठा केला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. प्रत्येक नमुन्यात रेघ होतीच. जवळच्या जातींत अशी रेघ नसते म्हणाली, आणि भर दुकानात मला मिठी मारली!

दुपारी आलेल्या एका अक्कांना मी खणाआधी तो फोटो दाखवला. "ह्याच रंगाचा द्या की," त्या म्हणाल्या.

"इल्ला अक्का, नाही मिळायचा, हा फक्त माझ्या मुलीकडं मिळतो!"

तुम्हीही मुलांचं काम असं मोघम सांगता का? सांगा बघू, म्हणजे मला एकट्यालाच लाज वाटणार नाही.