चाळीसावा फोटो

सकाळी फिरायला मी पांढुर्ण्याहून जाम नदीपर्यंत जातो. मागच्या हिवाळ्यात तिथे काठावर एक गृहस्थ पालथे पडलेले दिसले. मी घाबरून धावलो, तर ते जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याने समोरच्या फांदीवरल्या खंड्याचे फोटो काढत होते.

टोपी उलटी, श्वास रोखलेला. फोटो काढला की रीळ पुढे सरकवायचे आणि मोठ्याने आकडा म्हणायचे. मला हिशेबी माणूस आवडतो, म्हणून थांबलो. एवढ्यात खंड्याने पाण्यात सूर मारला आणि चोचीत मासा धरून तो परत फांदीवर बसला.

"चाळीस!" ते उठून नाचलेच. "दोन हिवाळे याचीच वाट पाहून राहिलो होतो, भाऊ!"

"रीळ कितीचं हाय?" मी विचारलं.

"छत्तीसचं."

"मग चाळीस कसे?"

त्यांचा चेहरा उतरला. कॅमेरा उघडून पाहिला, तर रिळाचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. सकाळभर रीळ जागचं हललं नव्हतं. एकही फोटो आला नव्हता.

विचारलं नसतं तर निदान घरी जाईपर्यंत तरी माणूस खुशीत राहिला असता, असं मला वाटलं. पण ते हसायलाच लागले.

"घ्या! खंड्याले मासा भेटला, अन् मले हवा! पण छत्तीसच्या छत्तीस शिल्लक हायेत नं."

टोक नीट अडकवून, ओढून पाहून ते पुन्हा पालथे पडले.

"जाऊ नका, भाऊ. आता तुम्ही मोजा."

मी गवतात बसलो. खटका वाजला.

"एक," मी म्हणालो.