न टोबलेली दोन तासं

अनसूयाकाकूनं आपल्या वावरातली दोन तासं टोबली नाहीत, म्हणून मी शाळेत जाऊ शकले. तिचं नाव आधी घेते, बाकीचं मग सांगते. तास म्हणजे पेरणीची ओळ, आणि टोबणं म्हणजे ओल्या मातीत बोटानं जागा करून सरकीचे दाणे एकेका जागी ठेवत पुढं सरकणं. आजही डोळे मिटले की सगळ्यांत आधी तेच दिसतं… भाद्रपदातली कमरेएवढी पऱ्हाटी – आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात – तिची ती दाट, किंचित कडवट वासाची हिरवाई, आणि तिच्या कडेकडेनं गेलेली एक काळी, उघडी, सायकलपुरती पट्टी. तेल लावून चोपून बसवलेल्या केसांत एका बाजूनं पाडलेल्या भांगासारखी.

मी आता त्या वावरापासून फार लांब, तिरुपूरला असते. शिलाईच्या कारखान्यात बाह्या जोडते. खोलीत आम्ही चौघीजणी. त्यातल्या ओडिशाच्या मिनतीनं परवा फोनवर एक परदेशातला रस्ता दाखवला. मऊ उतरत्या टेकड्या, खाली संथ नदी आणि त्या दोघींच्या मधून गेलेली, फक्त सायकलींसाठी राखलेली वाट. पांढऱ्या केसांचं एक जोडपं मागं पिशव्या बांधून निवांत चाललं होतं. ट्रक नाही, हॉर्न नाही. जिथं वाट फुटायची तिथं एक छोटीशी पाटी. मिनती म्हणाली, असे रस्ते खरंच असतात का गं? माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्याकडे आहेत. तिघीही हसल्या. माझ्याजवळ दाखवायला फोटो नव्हता… म्हणून हे लिहायला बसले. शाळा नववीतच सुटलेली, त्यामुळे लिहिताना हात जरा भितो, सांभाळून घ्या.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे, जिथं सपाट काळी जमीन एकाएकी कंटाळल्यासारखी वर उचलली जाते आणि मुरमाड बरडाच्या बुटक्या टेकड्या सुरू होतात. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा शेजारच्या मोठ्या गावात, आणि तिकडे जायला एकच रस्ता – डांबरी. त्याच डांबरीवर एका ट्रकनं बाबांना सायकलसकट उडवलं होतं. बाबा वाचले, पण डावा पाय कायमचा आखडला. सायकलही वाचली, तीही तशीच. सरळ धरली तरी डावीकडे ओढायची. ती ओसरीच्या भिंतीला टेकून असे – काळी, जड, मधल्या दांडीची – आणि तिच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालत. आईनं त्या दिवसापासून एकच कायदा केला : घरातल्या कोणी डांबरीवर सायकल न्यायची नाही. तिची भीती माझ्यात कधी उतरली, कळलं नाही. अजूनही इथला मोठा रस्ता ओलांडताना मी मिनतीच्या ओढणीचं टोक मुठीत धरते.

म्हणजे सातवीनंतर घरीच बसायचं, हे जवळजवळ ठरलेलं. तेव्हा बाबांनी हळूच पांदणीचा विषय काढला. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या वावरांमधून गेलेली जुनी गाडीवाट. दुतर्फा बाभळी, हिवर, बोरी, घाणेरीची जाळी, आणि मधे बैलगाडीपुरतं आभाळ. लहानपणी बाबा बैल घेऊन त्या वाटेनं बरडापलीकडच्या कालव्यापर्यंत जायचे, आणि कालव्याचा काठ धरला की शाळेची मागची भिंत. फक्त ही पांदण आता मधेच कुठंतरी हरवली होती. आमच्याकडे पांदणी अशाच हरवतात. दर वर्षी कडेच्या वावरातला वखर एक फेरा बाहेर पडतो, शेजारी काही बोलत नाही कारण त्याचाही पडलेला असतो, आणि पाच-पंचवीस वर्षांत वाटेच्या जागी तूर डोलू लागते. लोक म्हणतात, पांदण खाल्ली. कोणी खाल्ली ते कोणी सांगत नाही.

आई म्हणाली, वाट पलीकडे निघत असेल तर जा, नाहीतर त्याच पावली परत ये. आणि मग काळ्या मातीतल्या माणसांनी कधीही करू नये ती चूक आम्ही केली. पाऊस लागला की आमच्याकडे सायकलीचे मडगार्ड काढून ठेवतात, कारण ही माती नुसती उडत नाही, चाकाला कणकेसारखी गुंडाळत जाते. बाबा पाना घेऊन बसलेच होते. पण नवा गणवेश, पांढरा सदरा… आईनं मडगार्ड काढू दिले नाहीत.

गावाला लागून असलेली वावरं, गावखारी, ओलांडली आणि मी पांदणीत शिरले. त्या सकाळचा वास मला इतक्या लांबूनही येतो – भिजलेल्या तरोट्याचा, बाभळीच्या सालीचा, कुठंतरी सडत पडलेल्या पळसाच्या पानांचा. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत चालले होते. वळण आलं की हात ब्रेकवर जायचा आणि त्याच वेळी वाटायचं, याच्यापुढं काय असेल? बरडाचा चढ हातात धरून चढले, पलीकडे उतरले… आणि पांदण संपली. समोर नुकतं वखराची पाळी घातलेलं, काळंभोर, लोण्यासारखं वावर. मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं सायकल रेटली आणि दहा-वीस पावलांत मागचं चाक जाम झालं. मडगार्डात माती अशी ठासली, की सायकल ना पुढं ना मागं. मी तिथंच उभी. सदरा कोपरापर्यंत काळा.

वावरात बाया ओळीनं वाकून सरकी टोबत होत्या. त्यातली एक सरळ झाली. उंच, सावळी, ओच्यात सरकी घेतलेली. हीच अनसूयाकाकू. आमच्याच गावची, पण तिचं घर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मी तिला नुसती तोंडओळखीनं ओळखत होते.

“कोनाची व्हय वं तू? अन् इकडून कुठं जाऊन राह्यली?”

मी सांगितलं, शाळेत. डांबरी काहून नाही धरली, असं तिनं विचारलं, तेव्हा मी बाबांचं नाव सांगितलं. ती सायकलीपाशी खाली बसली. मग काडीनं मडगार्डातली माती कोरत कोरत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ही पांदणच होती, आमच्या मामंजींनी वाहून टाकली. म्हणजे सासऱ्यांनी नांगराखाली घातली. तिच्या आवाजात ना लाज होती ना फुशारकी. पण एक कुतूहल होतं, जे मी त्याआधी कुठल्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती रोज या वावरात येते, पण याच्यापुढं पांदण कुठं निघते ते तिला ठाऊक नव्हतं. बाईमाणसाचं काम वावरापुरतं. पुढं जायचं कारणच काय?

टोबणं सोडून ती माझ्याबरोबर निघाली. वावराच्या पलीकडच्या टोकाला बोरीच्या काट्यांची कुपाटी लावलेली होती. तिनं विळ्यानं ती बाजूला केली, आणि पाहतो तर पांदण तिथंच होती… इतकी वर्षं आमची वाट पाहत बसल्यासारखी. पुढं नाला, नाल्यात गुळगुळीत दगड, मग कालव्याचा उंच काठ, आणि काठावरून दूर शाळेची कौलं. काकू पदरानं तोंड पुसत बराच वेळ पाहत राहिली. “पाह्य बरं, इतकं जवळ व्हतं,” एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी परत येताना मी ते पाहिलं. बाया धुऱ्याकडच्या शेवटच्या तासांपाशी आल्या होत्या, आणि काकू सगळ्यांना मागं सरकवत होती. वावर सामायिक, तिचा दीर बांधावर उभा राहून बघत होता.

“काहून वैनी, सरकी सरली काय?”

“सरकी लय हाय. हे दोन तासं राहू द्या.”

त्यानं बरंच काही ऐकवलं. एक पोरगी जाईल, मागून बकऱ्या जातील, मग गाड्या, आणि उद्या गाव म्हणेल की सगळी पांदण सोडा. शिवाय खाल्लेली पांदण परत देणारा माणूस त्यानं आजवर कुठं पाहिला नव्हता, आणि मी कधी शाळा सोडीन याचा भरवसा काय? काकूनं ओच्यातली सरकी मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली. “हे वाट कुठलोक जाते थे समजलं की टोबीन,” ती म्हणाली. म्हणजे कालव्याच्याही पुढं, शेवटी कुठवर. बाया हसल्या. दीरही हसला, आणि हसला म्हणून प्रकरण तिथंच मिटलं.

पुढची दीड-दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब वर्षं आहेत. मडगार्ड काढलेली, डावीकडे ओढणारी ती सायकल, आणि कुठल्याही ट्रकचा आवाज न येणारी वाट. श्रावणात चिखल फार झाला की पायी जायचे. पण आश्विनात माती सुकली, की त्या दोन तासांवर काकूनं टाकलेल्या पऱ्हाटीच्या काड्या चाकाखाली कडकड मोडत. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटायची, बाया कापूस वेचायच्या आणि माझ्या दप्तराला पांढरे तंतू चिकटून शाळेत यायचे. पौषात तुरीच्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, गरम… माघात बोरं, फाल्गुनात बरडावर पेटलेला पळस. परतताना काकू धुऱ्यावर उभी असे. वाटेचा मोबदला म्हणून तिला बातमी हवी असे : आज काय पाह्यलं? कालव्याला पाणी सोडलं, नाल्यात खंड्या बसला होता, बरडावर नवी पायवाट फुटली. ती हे असं ऐके, जसं कोणी परदेशातून आलेल्या माणसाचं ऐकतं.

एकदा तिनं तिची गोष्ट सांगितली. लहानपणी ती बापाच्या बैलगाडीतून कौंडण्यपूरच्या यात्रेला जायची. वाटेत एक नाला होता, त्यावर उंबर, आणि उंबराखाली बैल पाणी प्यायचे. लग्नानंतर यात्रेला ती एसटीनंच गेली आणि एसटीतून तो उंबर कधी दिसला नाही. तिला वाटायचं, हीच ती वाट असेल का?

एका रविवारी मी शोधायला निघाले. कालव्याचा काठ सोडून पांदण पुन्हा दोन बरडांमधे शिरली. एक चढ, एक उतार, पुन्हा चढ – आणि वरून वर्धा नदी दिसली, ऊन पडलेल्या पितळेसारखी. खाली नाला होता. नाल्यावर उंबर होता! मुळं पाण्यापर्यंत उतरलेली, आणि काठच्या खडकात बैलगाड्यांच्या चाकांनी घासून घासून पाडलेल्या दोन चाकोऱ्या. मी त्यात बोटं घालून पाहिली. गार लागल्या.

अजून पुढं गेले, आणि थांबले. पांदणीला आडवी डांबरी आली होती. ट्रक जात होते. समोर, पलीकडे, दोन बाभळींच्या मधून पांदण तशीच पुढं गेलेली स्पष्ट दिसत होती. मी सायकलच्या दांडीला धरून किती वेळ उभी होते, कोण जाणे. एक ट्रक गेला की दुसरा येण्याआधी रस्ता अगदी मोकळा व्हायचा… पण पाय हलले नाहीत. मी वळले.

ओढणीत बांधून आणलेली उंबरं मी काकूच्या हातात दिली. तिनं एक फोडलं, आतली चिलटं उडू दिली, वास घेतला. मग हसून विचारलं, “मंग त्याच्या पुढं?” मी डांबरीचं सांगितलं. तिनं उरलेली उंबरं पदरात बांधली. “राहू दे,” म्हणाली, “पांदण कुठं पळून चालली?”

नववीच्या शेवटी बाबांच्या पायाचं दुखणं उलटलं, आई मजुरीला जाऊ लागली आणि घर माझ्यावर आलं. शाळा सुटली. पुढं मावसबहिणीबरोबर इकडे आले. ज्या धाग्याला मी दिवसभर सुई लावते, तो आमच्याकडच्या कापसाचा आहे का, असं कधीकधी मनात येतं. पण ते कोणाला विचारणार?

मिनतीचा तो रस्ता पाहिल्यावर मी गावी फोन लावला. काकूला तिच्या पुतण्यानं फोन दिला. गुडघे दुखतात म्हणाली, टोबणी चालू आहे म्हणाली. मी सहज म्हटलं, काकू, आता ती दोन तासं टोबून टाक, तिथून जाणारं कोणी उरलं नाही.

“काहून टोबू? वाट कुठलोक जाते थे तुनं सांगतलं कुठं अजून?”



काकू, हे तुला कोणी वाचून दाखवेल. मी येणार आहे. मडगार्ड काढीन, कॅरिअरवर पोतं दुमडून ठेवीन आणि तुला मागं बसवीन. उंबराखाली पाणी पिऊ. डांबरीपाशी मी थांबेन, भीती वाटेल, तू मागून पाठीवर हात ठेव. दोन्हीकडे बघू आणि पलीकडे जाऊ, त्या दोन बाभळींच्या मधून, कौंडण्यपूर येईल तिथवर… किंवा पांदण नेईल तिथवर. परत आल्यावर ती दोन तासं मी माझ्या हातानं टोबीन. अर्थात, तोवर तू दुसऱ्या कुठल्या वाटेचं विचारलं नाहीस तर.