एक थाप थांबायची

रस्ता ओलांडायच्या आधी अण्णा सिग्नलच्या खांबाला थाप मारायचे. एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की चालायचं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्यांचा क्लीनर मागच्या फाळक्यावर अशाच थापा मारायचा म्हणे. एक म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे जाऊ दे. इथे अमेरिकेत ना ट्रक ना क्लीनर, म्हणून अण्णा स्वतःच स्वतःचे क्लीनर झाले होते.

मी सातवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही. पण अश्विनी, माझी मुलगी, म्हणाली, "आई, रात्रंदिवस तेच तेच बोलतेस. एकदा लिहून तरी काढ." म्हणून बसले आहे.

मी इथे हर्नडनला आले ती अश्विनीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. येऊन आठ दिवस होतात न होतात तोच डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई टेक्सासला कामावर. ते सोडून यावं तर व्हिसाचं काय, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा येणार. गाडी खाली उभी, पण चालवणार कोण? टॅक्सी बोलवावी तर तीत लहान मुलासाठी वेगळी खुर्ची लागते, ती उचलून न्यायची कशी? राहता राहिले माझे पाय. चार वर्षांच्या ईराला सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं. मध्ये दोन रस्ते. पहिला सहा लेनचा, सिग्नलचा. दुसरा शाळेसमोरचा, चार लेनचा, नुसते पांढरे पट्टे मारलेला. दिवसातून चार वेळा हे दोन्ही पार करायचे. घरून निघताना देवाला एकच मागायची, माझं काहीही कर, पोरगी सुखरूप परत आण.

तिसऱ्याच दिवशी मी त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला वीस मिनिटं उभी होते. गाड्यांचा सिग्नल हिरवा होई, लाल होई, पण चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र काही उमटेना. गाड्या अशा जात होत्या की साडीचा पदर आपोआप उडत होता. ईरा म्हणत होती, "आजी, आय ॲम कोल्ड." मी नुसतं "देवा, देवा" करत होते. मागून आवाज आला, "ताई, देव कशाला? बटण दाबा बटण."

वळून पाहिलं तर माकडटोपी, सुनेनं दिलेलं असावं असं जांभळं जॅकेट, खाली पायजमा आणि पांढरेशुभ्र बूट. त्यांनी खांबावरचं बटण दाबलं. खांबातून बाईचा आवाज आला, "वेट."

"बघा, थांबा म्हणती. आपण हाक मारल्याबिगर तो पांढरा बाबा येत नाही. माझा क्लीनर बी असाच होता, चहा पाजल्याबिगर जागचा हलायचा नाही." मग चित्र उमटलं. मी पाऊल उचललं, तेवढ्यात खांबावर एक थाप पडली. मी दचकून थांबले. समोरून एक लांबलचक गाडी उजवीकडे वळून निघून गेली.

"पण चित्र आलं होतं ना?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"चित्र आलं तुमच्यासाठी. त्या ड्रायव्हरला कुठं दिसलं? लाल असला तरी उजवीकडं वळायची इथं मुभा आहे. तो बघतो डावीकडं, गाड्या येतात का म्हणून. त्याची मान तिकडं आणि गाडी तुमच्याकडं. मान वळून तुमच्यावर येत नाही तोवर पाय उचलायचा नाही." मग दोन थापा मारल्या. "हां, आता चला."

त्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी आणि दुपारी आमच्यासाठी खांबापाशी उभे राहू लागले, शाळेपर्यंत बरोबर येऊ लागले. निफाडकडचे. बायको गेल्यावर मुलानं, महेशनं, इकडे आणलेले. आमच्याच संकुलात, पलीकडच्या इमारतीत राहायचे. बोलायला कुणी नाही. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये. "घरात सगळ्यांच्या कानात यंत्र. मी बोललो की म्हणतात, अण्णा, कॉलवर आहे. मग खांबाशी बोलतो. तो बिचारा वेट म्हणतो, पण उत्तर तर देतो!"

त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच यायचं. पण रस्त्याची भाषा येत होती. "ड्रायव्हरला माणूस दिसत नाही ताई, फट दिसती. मी तीस वर्षं फट बघितली. म्हातारी आहे, पोर आहे, काही नाही, फट आहे का नाही एवढंच." मी सवयीनं आधी उजवीकडे बघायची. जन्मभर तेच केलेलं. इथे गाडी पहिल्यांदा डावीकडून येते. अण्णांनी ईराला शिकवलं होतं, आजीनं उजवीकडं मान वळवली की तिच्या हाताला चिमटा काढायचा. पोरगी खुशीत काढायची. पहिल्या आठवड्यात माझा हात निळा झाला होता.

माझी एक खोड मात्र त्यांना मोडता आली नाही. शाळेसमोरच्या पट्ट्यांवर आपण उभे राहिलो की इथली माणसं गाडी थांबवतात, हातानं 'जा' म्हणतात. मला ते सोसायचं नाही. मी कोण, की माझ्यासाठी एवढ्या मोठ्या गाडीतल्या माणसानं खोळंबून राहावं? मी ईराला ओढत, वाकून नमस्कार करत, "थँक्यू, थँक्यू" म्हणत पळत सुटायची. मला येणारं इंग्रजी तेवढंच. अण्णा पलीकडे येऊन चिडायचे.

"पळता कशाला? तो काय तुम्हाला बक्षीस देणार आहे लवकर गेलात म्हणून?"

"तसं नाही हो. थांबलाय बिचारा."

"हा थांबला. त्याच्या पलीकडच्या लेनवाला थांबलाय का? त्याला तुम्ही दिसताच कुठं, मधी ही गाडी उभी! थांबलेल्याला हात दाखवा, मग त्याच्या गाडीच्या नाकापाशी उभ्या राहा, पुढं वाकून बघा, मग चला. नाहीतर ताई, तुमचं हे थँक्यूच एक दिवस तुम्हाला खाणार."

इतकं टोचून का बोलतात म्हणून मला राग आला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायची वाट बघत बाकावर बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "एक बस उभी होती. आमच्याकडच्याच रस्त्यावर. का उभी आहे ते मी बघितलं नाही. बाजूनं काढला ट्रक. बसवाल्यानं एका बाईला जाऊ दिलं होतं. ती पण तुमच्यासारखीच. हात जोडत पळत होती." टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हात जोडलेलेच होते तिचे." पुढे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शाळेची घंटा झाली.

एवढं ऐकूनही माझी खोड गेली नाही.

त्या सकाळी उशीर झाला होता. रात्री अश्विनीच्या पोटात दुखत होतं, माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अण्णा बुटाची नाडी बांधायला पट्ट्यांच्या अलीकडे वाकले. तेवढ्यात एक पांढरी मोठी गाडी थांबली. आतल्या बाईनं हसून हात केला. आणि मी पळाले. ईराचा हात धरून, मान वाकवून, थँक्यू म्हणत पळाले.

धाडकन आवाज झाला. एकच थाप. अण्णांनी त्या गाडीच्या बॉनेटवर सगळ्या ताकदीनिशी हात आपटला होता. एक थाप म्हणजे थांबायचं. माझ्या डोक्याआधी माझे पाय थांबले, ईराचेही थांबले. पलीकडच्या लेनमधून एक काळी गाडी गेली. तिचा आरसा माझ्या पिशवीला लागला, पिशवी गरगर फिरून रस्त्यावर पडली. ईराचा डबा फुटून पोहे पसरले. काळी गाडी थांबलीही नाही. तिला कळलंच नसावं.

पण पांढऱ्या गाडीतल्या बाईला काळी गाडी दिसलीच नव्हती. तिला दिसला तो माकडटोपी घातलेला, ओरडत तिच्या गाडीवर हात आपटणारा म्हातारा. काचा लावून ती आत बसून राहिली. तिनं पोलिसांना फोन केला. तिचाही मला राग येत नाही. घाबरलं माणूस दुसरं काय करणार?

पोलीस आला. चांगला होता, हळू बोलत होता. आधी अण्णांना विचारलं. ते बॉनेटकडे, माझ्याकडे, रस्त्याकडे हात करत मराठीत सांगत राहिले. मग तो माझ्याकडे वळला. मला सगळं सांगायचं होतं. या माणसानं माझ्या नातीचा जीव वाचवला. काळी गाडी आली होती. चूक माझी आहे, मी पळाले. सगळं मराठीत घशाशी आलं आणि तोंडातून निघालं, "थँक्यू. थँक्यू." मी अण्णांकडे हात करून म्हणत होते, रडत म्हणत होते. पोलिसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. या माणसापासून आपण सोडवलं म्हणून बाई आभार मानते आहे, असं त्याला वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं आणि मला दुसरा शब्द येत नव्हता. ईराला विचारलं तर ती हुंदके देत म्हणाली, "ही हिट द कार." तेही खरंच होतं.

अण्णांना गाडीत बसवून घरी सोडलं. संध्याकाळी अश्विनीनं पडल्या पडल्या पोलिसांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, नुसती समज दिली आहे, पुढे काही होणार नाही. पण महेशचा धीर सुटला होता. मी त्यांच्या घरी गेले तर तो हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्यावर राग नाही. पण आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. उद्या ह्यांनी आणखी कुणाच्या गाडीवर हात मारला तर? इथे लोकांकडे बंदुका असतात काकू. मला झोप नाही." खोटं बोलत नव्हता. डोळे लाल होते त्याचे. अण्णांचं गावी परतायचं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलं होतं. तोवर अण्णांनी बाहेर पडायचं नाही.

तो आठवडा मी एकटीनं रस्ते ओलांडले. खांबापाशी बटण दाबायची, मान वळेपर्यंत थांबायची. पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी थांबली की तिच्या नाकापाशी उभी राहून पुढे वाकून बघायची. मागची माणसं हॉर्न वाजवायची, तरी बघायची. लाज वाटायची, पण पळाले नाही. ईरा चिमटा काढायची तयारी ठेवून असायची.

अण्णा जायच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेतून येताना आम्ही त्यांच्या दारापाशी गेलो. मी बेसनाच्या वड्या केल्या होत्या. सुनेनं दार अर्धंच उघडलं. "काकू, अण्णा आत्ताच झोपलेत. बीपी वाढलंय. प्लीज." डबा घेतला, दार लावलं.

मी तिथेच उभी राहिले. मी त्यांचे एकदाही आभार मानले नव्हते. मराठीतसुद्धा नाही. त्या दिवशी मी जे काही बोलले ते पोलिसाला पोचलं होतं. आता दारातून ओरडले असते तर सून पुन्हा आली असती, बिचारीला आणखी त्रास. जिन्याकडे वळले, तेवढ्यात आतून भिंतीवर थाप पडली. मग आणखी एक.

ईरा म्हणाली, "आजी, ही सेड गो."

मला जाववेना. मी मागे फिरले आणि तळहातानं दारावर एक थाप मारली. एकच. बराच वेळ आतून काही आलं नाही. मी तळहात दारावरून काढला नाही.

मग भिंतीवर पुन्हा दोन पडल्या, आधीपेक्षा जोरात.