बादलीतलं रान

भोक पडलेल्या भांड्याकडे आमच्या पाथर्डीच्या घरमालकीणबाईंइतक्या मायेनं बघणारी बाई मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही. इतरांच्या घरी बादली गळायला लागली की चिडचिड होते. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र घरात पाळणा हलल्यासारखा आनंद दिसायचा. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी नगरहून पाथर्डीला आले. हे कचेरीत कारकून होते आणि बाईंच्या घरातली एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मधे फरशीचं अंगण आणि भोवती भाडेकरूंच्या खोल्या. अंगण होतं असं आपलं म्हणायचं, कारण ते दिसत नसे. दिसायचे ते रॉकेलचे डबे, जर्मनची पातेली, फुटके रांजण, कान गेलेल्या कढया, आणि प्रत्येकात काही ना काही हिरवं. हंड्यात आंबा, डब्यात लिंबू, बादलीत पेरू. आपल्या खोलीतून मोरीपर्यंत जायचं तर आडवं होऊन, पोट आत घेऊन जावं लागे. लग्नाआधी मी जरा अंगानं भरलेली होते. पाथर्डीत वर्षभरात सडपातळ झाले, त्याचं श्रेय माहेरची मंडळी उगीचच सासुरवासाला देत.

सुरुवातीला बाई भांडं फुटायची वाट पाहत. पुढे पुढे त्यांना तेवढा धीर निघेना. माझ्या आईनं रुखवतात दिलेलं तांब्याचं घंगाळ पहिल्यांदा मोरीवर आणलं तेव्हा त्यांनी ते उचलून उन्हात धरलं, बुडाला बोटानं टिचकी मारली आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाल्या, "ह्याचं बूड थकलंय गं."

"अहो, नवं आहे. पाणी ठरतं त्यात."

"आज ठरतं," बाई म्हणाल्या.

आठवडाभरात यांच्या हातून ते फरशीवर आपटलं. तो आवाज ऐकून बाई चुलीवरची भाकरी तशीच टाकून धावत आल्या. मी माहेरी दिवाळीला जाऊन परतले तेव्हा घंगाळात डाळिंबाचं रोप उभं होतं आणि खाली मापात पाडलेलं, गोल, देखणं भोक होतं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "बघ कसं शोभतंय! तुज्या आईला सांग, लई चांगली नजर हाय तिची." घरमालकिणीशी भांडायचं तरी कसं? यांनी मला कचेरीतला जुना सल्ला दिला, की वरिष्ठांनी नेलेली वस्तू आपण दिली होती असंच समजावं.

झाडांपेक्षाही त्यांना पिकाचं वेड होतं. मोठ्या पसरट टबात त्या रीतसर ज्वारी पेरत, खुरपत, आणि कणसं भरली की पहाटेपासून डबा बडवून चिमण्या हाकलत. चिमण्या उडत की नाही कोण जाणे, भाडेकरू मात्र सगळे उठत. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना हुरड्याचं आमंत्रण दिलं. आम्ही हात धुऊन, ओळीनं मांडी घालून बसलो. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर हुरडा आला. समोरच्या खोलीतले कंडक्टर तो एका दमात खाऊन पुढच्या वाढपाची वाट पाहत बसले. "कसा हाय?" बाईंनी विचारलं. "छान होता," असं ते जरा भूतकाळात म्हणाले, तर बाई त्यांच्यावर पुढे चार दिवस रुसल्या होत्या.

हे वेड आलं कुठून, ते मला त्या कंडक्टरांनीच सांगितलं. बाईंच्या सासरी, इथून जवळच्या एका गावात, चांगलं पिकतं रान होतं. नवरा गेल्यावर वाटणी झाली. रान दिराकडे गेलं आणि बाईंच्या वाट्याला हे पाथर्डीतलं घर आलं. "बाईमाणसाला रान काय करायचंय?" असं दीर चारचौघांत म्हणाला. त्यानंतर महिन्यातून एकदा त्या एसटीनं गावच्या देवळात जायच्या, आणि येताना बांधावर वाकून पिशवीभर माती घेऊन यायच्या. दीर वारला, पुतण्या रान करू लागला, तरी बाईंची खेप चुकली नाही. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. मातीची गोष्ट वेगळी. ती गाडी बहुधा आमच्या कंडक्टरांचीच असे. पहिल्यांदा त्यांनी पिशवीला लगेज लावायचं म्हटलं. बाई म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराला तिकीट लावतोस का?" सगळी गाडी हसली. कंडक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. "मालकीणबाईंनी निम्मं शेत माझ्या गाडीतून पळवलंय," असं ते अभिमानानं सांगत.

मग दुष्काळ आला. विहीर आटली, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो जोंधळा आला, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. अंगणातलं रान मात्र हिरवं होतं, कारण बाईंनी सांडपाण्याचा थेंबन् थेंब ताब्यात घेतला होता. भांडी घासायची ती लिंबाजवळ, तोंड धुवायचं ते पेरूपाशी. अंघोळीलाही प्रत्येकाला झाड नेमून दिलेलं. यांना आंबा मिळाला होता, भोवती पोत्याचा आडोसा. "साबन लावू नका हां," बाई बाहेरून ओरडत, "आंबा कोमेजतो!" एकदा कचेरीत साहेबांनी यांना विचारलं, की हल्ली तुमच्या अंगाला शेणखताचा वास का येतो? यांनी फायलीत डोकं घातलं. आंब्यापाशी बसून अंघोळ करतो, हे दुष्काळी सालात साहेबाला कसं सांगावं?

खरी पंचाईत झाली टँकर सुरू झाला तेव्हा. टँकर गल्लीत जेमतेम थांबायचा. तेवढ्यात ज्याच्याकडे जेवढी भांडी, तेवढं त्याचं पाणी. आणि आमची भांडी तर सगळी बागेत! कंडक्टरांची बायको नुकतीच बाळंतीण झालेली, घरात दुपट्यांचा ढीग. कंडक्टरांनी आम्हा भाडेकरूंची सभा घेतली, बाईंसमोर उभे राहिले आणि गाडीत बोलतात तसे खड्या आवाजात म्हणाले, "मालकीणबाई, आता जागा रिकामी करा! माझी बादली मला परत पाहिजे."

"ही बघ तुजी बादली," बाई शांतपणे म्हणाल्या. "घे. पन तो पेरू तूच उपट. तुज्या हातानं."

कंडक्टरांनी पेरूकडे पाहिलं. त्याला एक इवलं फळ धरलेलं होतं. ते बायकोकडे वळले, मग आमच्याकडे वळले. आम्ही सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागलो. सभा बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. कंडक्टरांची बायको पाणी घेऊन परत येत होती. भांडं नाही म्हणून तिनं पीठ मळायची परात नेली होती. दोन्ही हातांत ती परात धरून ती पाऊल मोजत चालत होती, आणि तरी प्रत्येक पावलाला पाणी काठावरून फरशीवर सांडत होतं. बाईंपाशी आली तेव्हा परातीचा तळ दिसत होता.

"अगं, परातीत पानी आनत्यात का?" बाई म्हणाल्या.

"मग कशात आणू?" ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

पदर खोचून बाईंनी पेरूची बादली आडवी केली, बुडाला थोपटून मातीचा गड्डा सोडवला आणि आत जाऊन एक गोणपाट आणलं. मी मदतीला गेले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी सगळी झाडं गोणपाटात बांधून भिंतीशी टेकवली. ज्वारीच्या टबातली माती त्यांनी कोपऱ्यात ओतून वर पोती पांघरली. सकाळी भोकं बुजवणारा कारागीर बोलावला. माझं घंगाळ त्यांनी स्वतः चिंचेनं घासून दिलं. "बूड चांगलं हाय ह्याचं," त्या म्हणाल्या. "मीच उगं बोलले."

पुढच्या साली पाऊसपाणी झालं. गोणपाटं कुजली, मुळं बाहेर आली. आता झाडांना जमीन हवी होती, आणि बाईंकडे नुसती फरशी. त्या कितीतरी दिवस झाडांभोवती घुटमळत राहिल्या. शेवटी एका सकाळी कामावर निघालेल्या कंडक्टरांना त्यांनी थांबवलं. "आमच्या पुतन्याला निरोप दे," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "म्हनावं, बैलगाडी घिऊन ये."

पुतण्या दुसऱ्याच दिवशी आला. पागोटं हातात घेऊन दारात उभा राहिला. "काकी, कुटं लावू झाडं?"

"तुजं रान हाय. मला कशाला इचारतो?"

"माजं कसलं? निम्मी माती तर तुमीच आनली हितं."

बाई त्याच्याकडे रोखून पाहत राहिल्या आणि मग खुदकन हसल्या. "मग तीबी ने," त्या म्हणाल्या. "पन आंबा हिरीजवळ लाव. त्याला कारकुनाच्या अंघोळीची सवय हाय."

गाडी भरली. पुतण्या म्हणाला, "तुमीबी चला की काकी." बाई म्हणाल्या, "आन् ह्या भाडेकरूंकडं कोन बघनार?" त्यांनी त्याला चहा दिला, त्यानं आणलेल्या तांब्यातलं गावचं पाणी घोटभर प्यायल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी बाहेर आले तर त्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले. समोर धुतलेली फरशी पार मोरीपर्यंत मोकळी पसरली होती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "अंगन केवढं मोठं हाय गं हे. मला आपलं वाटायचं, लहान हाय."