मामांच्या ई-रीडरवरचं स्टिकर

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी चहा येईपर्यंत विचार केला. चहा आला. तर आता सांगूनच टाकतो. माझ्या हातून घडलेला मूर्खपणा आहे, आणि तो एका दिवसात आटपला नाही. चांगला तीन आठवडे चालला. मधे चार जणांनी मला थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबलो नाही.

माझे सासरे मुखेडचे. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना मामा म्हणतो. मामांचं वाचन दांडगं. भूकंपाच्या वर्षी त्यांचं पुस्तकांचं उंच कपाट भिंतीपासून हातभर पुढं सरकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कपाटच काढून टाकलं आणि सगळी पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकांत भरून पलंगाखाली ढकलली. वाकायचं, ट्रंक ओढायची, पुस्तक काढायचं. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग गुडघे गेले. पाठोपाठ मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर काही लागेना. वाचन थांबलं. आणि वाचन थांबलं तसे मामा बोलायचेही थांबले. सुनंदा, म्हणजे माझी बायको, लातूरहून रोज फोन करायची.

"जेवलात का बाबा?"

"हाव."

"बरं आहे ना?"

"हाव."

फोन ठेवला की ती बराच वेळ त्या फोनकडंच बघत बसायची.

म्हणून मी ठरवलं, मामांच्या पंचाहत्तरीला त्यांना ई-रीडर द्यायचा. हवं तेवढं मोठं अक्षर करता येतं, शंभर पुस्तकं एका पाटीएवढ्या वस्तूत मावतात, वाकायला नको.

खरं सांगू? यात माझाही स्वार्थ होता. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मामांनी मला कधी हुशार म्हटलेलं नाही. पाहुण्यांना ओळख करून देताना "जावई सरळ आहेत" एवढंच म्हणतात. मुख्याध्यापक 'सरळ' हा शब्द कुठल्या विद्यार्थ्यासाठी वापरतात, ते तुम्हाला माहीत असेलच.

तर मी अभ्यासाला लागलो. आधी दुकानात गेलो. आमच्या लातूरच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, वाचायला पायजे का अभ्यासाला?"

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. "वाचायला" म्हणालो, तर तो म्हणाला, "त्याला गिऱ्हाईक न्हाई सर. अभ्यासाचा टॅब हाय. फिजिक्स भरूनच येतंय."

मी घरी आलो, नवी वही घातली आणि दोन महिने अभ्यास केला. सहा इंची की सात इंची? दिवा असलेला की नसलेला? पाणी सांडलं तर? वजन किती? दोनशे ग्रॅम म्हणजे हाताला किती लागतं, ते कळावं म्हणून मी शेंगदाणे मोजून पिशवीत भरले आणि ती पिशवी डोळ्यांसमोर धरून अर्धा तास पलंगावर पडून राहिलो.

सुनंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात."

मी पाटबंधारे खात्यात आहे. तिथंही मी सगळ्यांना समजावून सांगायला लागलो. "हा मोबाइलसारखा पडदा नसतो हो. यात शाई असते. खरी शाई! अगदी कागदावर छापल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला फरकच कळत नाही!" हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत निदान शंभरदा म्हणालो असेन. लक्षात ठेवा, मी म्हणालो होतो.

शेवटी ऑर्डर दिली. पार्सल आलं. मी हात धुऊन ते उघडलं.

आणि काय बघतो? पडद्यावर भलंमोठं स्टिकर! पांढरं, त्यावर वायरीचं चित्र आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. नव्या टीव्हीवर, फ्रिजवर असतं ना, तसलंच. मी कोपऱ्यात नख घातलं. निघालं नाही. चारही कोपरे झाले. निघालं नाही. स्टिकर असं काही चापून बसवलं होतं की कडच हाताला लागत नव्हती.

"काय करून राहिलात?" सुनंदानं विचारलं.

"स्टिकर काढतोय."

"आधी चार्जिंगला तर लावा."

मी हसलो. "हीच चूक करतात लोक. चार्जिंगला लावलं की वस्तू गरम होते. गरम झालं की गोंद पक्का धरतो. मग जन्मात निघायचं नाही."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याच क्षणी सुचलं होतं. पण मी इतक्या ठामपणे बोललो की माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

मग खोबरेल तेल झालं. कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं लावलं, तासभर मुरू दिलं. स्टिकर जागचं हललं नाही.

संध्याकाळी मी अन्वरभाईंकडं गेलो. आमच्या घरामागं ट्यूशनचा सगळा पसारा आहे. गल्लीत घरं कमी, हॉस्टेलं जास्त. त्या कोपऱ्यावर अन्वरभाईंचा मोबाइलची काच बसवायचा गाडा. डॉक्टर व्हायला आलेल्या निम्म्या पोरापोरींच्या काचा त्यांच्या हातून गेल्यात. असल्या कामात माणूस तयार.

अन्वरभाईंनी ई-रीडर दिव्याखाली धरला. तिरका केला. अंगठा फिरवला. वास घेतला.

"सर, तेल कशाला लावलं?"

"स्टिकर निघावं म्हणून."

ते पुन्हा अंगठा फिरवत म्हणाले, "सर, वीस साल झाले हे काम करतोय. स्टिकर असलं की अंगठ्याला कड लागते. ह्याला कडच न्हाई. मला तर हे स्टिकर वाटत न्हाई."

"मग काय आहे?"

"ते न्हाई ठाऊक. पण नक्को छेडो साब."

काचेसाठी थांबलेली एक मुलगी होती, पाठीला दप्तर. तिनं मान पुढं करून बघितलं आणि म्हणाली, "अंकल, ते आतलं चित्र हाय. ई-इंक असतंय ना, बंद असलं तरी दिसतंय. बटण दाबून बघा."

बघा, देव माणसाला किती संधी देतो! मी त्या मुलीला काय म्हणालो असेन?

म्हणालो, "बाळ, मी दोन महिने यावर अभ्यास केलाय. तू तुझ्या बायोलॉजीकडं बघ."

अन्वरभाई खाली बघून काच पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, फार गोड बोलणारी.

"सर, काय अडचण आहे?"

"स्टिकर निघत नाहीये."

"कोणतं स्टिकर, सर?"

"पडद्यावरचं. तुम्ही लावलेलं."

"सर, आपण बटण दाबलंत का?"

"मॅडम, बटण दाबून दिसणार काय? वर स्टिकर आहे!"

"सर, तरीपण एकदा..."

"आधी स्टिकर, मग बटण. माझी पद्धतशीर तक्रार लिहून घ्या."

मी सरकारी नोकरीत आहे. समोरच्यानं तक्रार लिहून घ्यावी यासाठी कुठला आवाज लावायचा, ते मला येतं. तिनं बिचारीनं लिहून घेतली. चौथ्या दिवशी माणूस आला, खोबरेलाचा वास येणारा ई-रीडर घेऊन गेला आणि बदली नवा देऊन गेला.

मी उघडला.

स्टिकर!

तीच वायर, त्याच दोन ओळी. आता मला सांगा, शहाण्या माणसाला इथं काय वाटलं असतं? मला वाटलं, सगळा मालच असा निघालाय. कारखान्यात गोंद जास्त पडला असणार.

मी ऑफिसात सगळ्यांना सावध केलं. आमच्या आवक-जावक बघणाऱ्या मॅडमनी माझंच ऐकून तसाच ई-रीडर मागवला होता, त्यांना ऑर्डर रद्द करायला लावली. मग कंपनीच्या साइटवर एक स्टार देऊन फोटोसकट लिहिलं, "वस्तू उत्तम. परंतु स्टिकर निघत नसल्याने वापरता येत नाही." दोन दिवसांनी त्याखाली कुणीतरी लिहिलं, "मलाही हाच त्रास आहे."

काय धीर आला म्हणून सांगू!

तोवर पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. तिसरा मागवायला वेळ नव्हता. म्हटलं, स्टिकरसकट देऊ, मुखेडला कुणी कारागीर भेटला तर काढून घेऊ. एसटीत अहमदपूर आलं तशी सुनंदा म्हणाली, "बाबांनी वाचलं पाहिजे हो. कसंही करून." मी म्हणालो, "काढू आपण ते स्टिकर."

घर पाहुण्यांनी भरलेलं. मेव्हण्यांनी शाल दिली, कुणी चांदीचा पेला दिला. माझी पाळी आली. मी ई-रीडर मामांच्या हातात ठेवला आणि उभ्यानंच छोटं भाषण केलं. शाई, कागद, वजन, अक्षर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "फक्त मामा, एक अडचण आहे. यावरचं स्टिकर काही निघत नाहीये. मी लई प्रयत्न केले. कंपनीशी भांडलो. माल बदलून घेतला. देशभर हाच प्रॉब्लेम आहे."

मामांनी ई-रीडर मांडीवर ठेवला. खिशातून भिंग काढलं. खोलीत तीस-पस्तीस माणसं. मामांनी भिंग त्या दोन ओळींवर धरलं आणि वर्गात धडा वाचतात तसं, एकेक शब्द सोडवत इंग्रजी वाचलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू, ह्याचं मराठी करा."

मी केलं. "चार्जिंगला लावा. नंतर खालचं बटण दाबा."

"लावलं का?"

"नाही."

"दाबलं का?"

"नाही मामा. आधी स्टिकर..."

"चार्जर आणा."

मेव्हण्यांनी स्वतःच्या मोबाइलचा चार्जर आणला. मामांनी वायर जोडली आणि थोडं थांबून बटण दाबलं. पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा झाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते स्टिकर, वायर, दोन ओळी, सगळं नाहीसं झालं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? तुमच्याशी खोटं बोलत नाही.

'गरम झाल्यावर सुटलं!'

आणि मी ते मोठ्यानं म्हणालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामा फक्त एवढंच म्हणाले, "वाचायचं यंत्र आणलंत, फार छान केलंत. त्याच्यावर दोनच ओळी होत्या, तेवढ्या वाचायच्या राहिल्या." मग शेजारच्या पाहुण्याकडं वळून त्यांना सांगितलं, "जावई सरळ आहेत."

पुढचं सगळं सुरळीत झालं. मेव्हण्यांनी इंटरनेट जोडून दिलं, पुस्तकं उतरवून घेतली. मामांनी अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, एका ओळीत तीनच शब्द बसतील एवढं केलं. आणि पाहुण्यांकडं पाठ फिरवून खिडकीशी बसले ते जेवायला हाका मारल्या तरी उठेनात. सुनंदा दाराआडून बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं डोळे पुसले, आणि मग माझ्याकडं बघून तिला जे हसू फुटलं ते परतीच्या एसटीत लातूरच्या स्टँडपर्यंत थांबलं नाही.

आता मामा रोज फोनवर बोलतात. काय वाचलं ते सांगतात, कुठं पटलं नाही ते सांगतात, आणि अर्ध्या तासाशिवाय सोडत नाहीत. साइटवर लिहिलेलं मी पुसून टाकलं. 'मलाही हाच त्रास आहे' वाल्या माणसाला बटण दाबा म्हणून कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. मी समजू शकतो.

फक्त मुखेडला गेलो की एक नवा रिवाज सुरू झालाय. चहाबरोबर बिस्किटाचा पुडा येतो. तो मामा कुणाला फोडू देत नाहीत. माझ्या हातात देतात आणि सगळ्यांसमोर म्हणतात, "जावईबापू, आधी वाचा. मग उघडा."

मी वाचतो. उभा राहून, मोठ्यानं, बॅच नंबरसकट.